आपली पोर पडद्यावर : मुलींची महाविद्यालयीन कबड्डी आणि दूरचित्रवाणी

नोव्हेंबर २०२५ या एका महिन्यातले दोन विजय घ्या. २ तारखेला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. २४ तारखेला ढाक्यात भारताच्याच मुलींनी चिनी तैपेईला ३५–२८ असे हरवून कबड्डीचा विश्वचषक जिंकला. पहिला सामना आपण कुठे बसून आणि कोणाबरोबर पाहिला, हे या अंकाच्या बहुतेक वाचकांना आजही सांगता येईल. दुसऱ्या सामन्याबद्दल विचारले, तर किती जणांना त्यातल्या एका खेळाडूचे नाव आठवेल?

हा प्रश्न पुण्या-मुंबईत बसून विचारण्यापेक्षा निरवांगीसारख्या गावात उभे राहून विचारावा. इंदापूर तालुक्यातले, नीरेच्या खोऱ्यातले हे गाव. आजूबाजूला ऊस, कारखान्यांची धुराडी, आणि बारावीनंतर शिकायचे असेल तर कळंब-वालचंदनगर, इंदापूर किंवा बारामती यांपैकी एका दिशेची एसटी. या पट्ट्यातल्या मुलीने क्रिकेटची खरी बॅट हातात धरलेली असेलच असे नाही, पण कबड्डी आणि खो-खो ती खेळलेली असतेच. शाळेच्या पटांगणात फक्कीने आखलेल्या रेषा, पायांत काही नाही, पंचगिरीला पीटीचे सर आणि कडेला ओरडणारा अख्खा वर्ग. तेव्हा कबड्डी आपल्याकडे लोकांना ठाऊक नाही म्हणून ढाक्याचा सामना नजरेआड झाला, असे म्हणता येणार नाही. ठाऊक असलेला खेळ आणि पाहण्याचा खेळ यांच्यामध्ये आज एक कॅमेरा उभा आहे. तो कोणाकडे वळतो, केव्हा वळतो आणि किती वेळ तिथेच राहतो, यावर मुलींच्या खेळाचे बरेच काही ठरते. माझे म्हणणे एवढेच की मुलींच्या कबड्डीसाठी तो कॅमेरा आधी महाविद्यालयाच्या मैदानावर यायला हवा. आणि आजवर तो यायचा तेव्हा नेमका चुकीच्या टोकाकडून आला.

थोडे मागे जाऊ. मुलींची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५५ साली कोलकात्यात झाली. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे आपल्या मुली पडदा येण्याच्या सतरा वर्षे आधीपासून राष्ट्रीय पातळीवर खेळत होत्या. पुण्याच्या शकुंतला खटावकरांसारख्या अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या खेळाडू याच मातीच्या मैदानांनी दिल्या. त्यांची कीर्ती ऐकीव होती. ज्यांनी त्यांची चढाई पाहिली त्यांनी ती इतरांना सांगितली आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांनी वर्तमानपत्राच्या चार ओळींवर समाधान मानले.

१९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले. त्या एशियाडमधले हॉकीचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. पुरुषांच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने आपल्याला ७–१ असे हरवले. मुलींची हॉकी त्याच वर्षी एशियाडमध्ये पहिल्यांदा आली आणि आपल्या मुलींनी सुवर्णपदक जिंकले. कर्णधार होत्या पुण्याच्या एलायझा नेल्सन. आता पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही विचारा. सात गोल आठवतात. सुवर्णपदक आठवत नाही. पराभव जिव्हारी लागतो हे खरेच, पण देशाने एकत्र बसून जे पाहिले ते देशाच्या आठवणीत राहिले, हेही तितकेच खरे. त्याच एशियाडमध्ये कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळली गेली. पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये बीजिंगला पदकाचा खेळ झाली. मुलींना त्यासाठी २०१० च्या ग्वांगझूची वाट पाहावी लागली. वीस वर्षांचे अंतर. मुलींच्या खेळाच्या इतिहासात ही वीस-वीस वर्षांची अंतरे वारंवार भेटतात.

कबड्डी पडद्यावर खऱ्या अर्थाने आली ती २६ जुलै २०१४ रोजी, प्रो कबड्डी लीग सुरू झाली त्या दिवशी. आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांच्या ‘मशाल स्पोर्ट्स’ने ती उभी केली आणि स्टार स्पोर्ट्सने दाखवली. प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार त्या पहिल्याच हंगामाला ४३.५ कोटी प्रेक्षक लाभले. त्या वर्षी त्याहून पुढे फक्त आयपीएल होती. हे कसे घडले, ते नीट समजून घेतले पाहिजे. ‘गावाकडचा खेळ शहराला आवडला’ एवढ्यावर ते सोडून देता येणार नाही.

कबड्डीचे अंग मुळातच पडद्याला मानवणारे आहे. मैदान लहान, चौदा खेळाडू, एक चढाई ३० सेकंदांची. फुटबॉलमध्ये चेंडू कॅमेऱ्याबाहेर जातो, हॉकीत तो दिसतच नाही. कबड्डीत पाहायचे ते सगळे एका चौकटीत मावते. बाकीचे काम आखणी करणाऱ्यांनी केले. माती जाऊन मॅट आली, त्यामुळे रेषा ठळक झाल्या आणि रात्री दिव्यांखाली खेळणे शक्य झाले. चढाईचे घड्याळ पडद्यावर धावू लागले. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवायचा, नाहीतर बाद व्हायचे, हा नियम आला आणि वेळ काढण्याची जुनी सोय संपली. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना पकड साधली तर जादा गुण देणारी ‘अव्वल पकड’ आली. हरत आलेल्या संघालाही परतायला वाट मिळाली. प्रेक्षक वाहिनी बदलणार नाही याची ती तजवीज होती. जुन्या खेळाडूंपैकी काहींना हे सगळे रुचले नाही. मातीवर खेळलेल्यांची ती हळहळ खोटी म्हणता येत नाही. मॅटवर घोटा वेगळा मुरगळतो आणि पकडीतली ती जुनी घसट राहत नाही. पण पैसा आला. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांचा. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले. १ मार्च २०२४ रोजी पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला अस्लम इनामदार. आज इंदापूर-बारामतीकडचा मुलगा कबड्डी खेळतो म्हणाला तर बाप लगेच नाही म्हणत नाही. ‘पलटणमध्ये घेतील का?’ असे विचारतो. या एका प्रश्नात दहा वर्षांच्या प्रक्षेपणाची कमाई आहे.

मुलीच्या बापाला विचारायला असा प्रश्नच नाही.

तसा एक प्रयत्न झाला होता. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या चौथ्या हंगामाला जोडून ‘विमेन्स कबड्डी चॅलेंज’ नावाची तीन संघांची स्पर्धा भरवली गेली. फायर बर्ड्स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. कर्णधार अनुक्रमे ममता पुजारी, आपल्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे आणि तेजस्विनी बाई. तिघीही अर्जुन पुरस्कारप्राप्त. खेळाच्या दर्जाबद्दल बोट ठेवायला जागा नव्हती. ३१ जुलैला हैदराबादमध्ये अंतिम सामना झाला आणि स्टॉर्म क्वीन्सने तो २४–२३ असा अवघ्या एका गुणाने जिंकला. याहून चुरशीचा सामना वाहिनीला मागूनही मिळाला नसता. तरी पुढच्या वर्षी स्पर्धा झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. २०२३ मध्ये महिलांची स्वतंत्र लीग आणण्याचा मानस आयोजकांनी जाहीर केला. त्यानंतर पुरुषांचे दहावा, अकरावा आणि बारावा असे तीन हंगाम पार पडले आणि मुलींची लीग मानसातच राहिली.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण ‘प्रायोजक मिळत नाहीत’ हे आहे. ते खोटे नसेल, पण अपुरे आहे. मला त्या तीन नावांतच गोम दिसते. अग्निपक्षी, हिमसुंदऱ्या आणि वादळराण्या कोणत्या गावच्या? पुरुषांच्या संघाला पुणे आहे, पाटणा आहे, जयपूर आहे. पलटण हरली की पुण्यातल्या माणसाचे जेवण बेचव होते. फायर बर्ड्स हरल्यावर कोणाचे जेवण बेचव व्हायचे? सामना पाहायला खेळ आवडावा लागतो, पण पुन्हा पुन्हा पाहायला त्यात आपले कोणीतरी असावे लागते. तीन संघांना गावच नव्हते, म्हणून त्यांना घरी परतणारा प्रेक्षकही नव्हता. शिवाय ती स्पर्धा पुरुषांच्या सामन्यांच्या कडेला बसवलेली होती, लग्नात पाहुण्यांच्या जेवणाआधी सरबत फिरवावे तशी. सरबताचे कौतुक होते, पण ते प्यायला म्हणून कोणी लग्नाला येत नाही.

याच्या उलट उदाहरण दूरच्या देशातले आहे, आणि खेळही आपल्याला परका आहे : मुलींची बर्फावरची हॉकी. अमेरिका आणि कॅनडातली त्यांची व्यावसायिक लीग १ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली. पहिल्या हंगामात सहा संघ होते आणि त्यांना टोपणनावेच नव्हती. बॉस्टन, मिनेसोटा, मॉन्ट्रियल, न्यूयॉर्क, ओटावा, टोरंटो, बस्स. गाव होते, नाव नंतर आले. सामने कॅनडाच्या वाहिन्यांवर दिसले आणि यूट्यूबवर फुकट दाखवले गेले. २० एप्रिल २०२४ रोजी मॉन्ट्रियलमधला सामना २१,१०५ लोकांनी मैदानात बसून पाहिला. आता यातली दुसरी गोष्ट. या लीगमध्ये खेळणाऱ्या मुली आकाशातून पडलेल्या नव्हत्या; त्यांतल्या पुष्कळ जणी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन हॉकीतून आल्या होत्या, जिची राष्ट्रीय स्पर्धा २००१ पासून भरते. त्या महाविद्यालयाच्या गावात त्यांचे नाव आधीच माहीत झालेले होते. वरची लीग त्या ओळखीवर उभी राहिली.

अमेरिकेतल्या मुलींच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलची कथा तर कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवते. १९७२ मध्ये तिथे कायदा झाला की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही. मैदाने मिळाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या, पण पडदा मिळायला उशीर लागला. २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत सेडोना प्रिन्स या खेळाडूने आपल्या मोबाइलवर एक छोटी चित्रफीत काढली : मुलांना भलीमोठी सुसज्ज व्यायामशाळा आणि मुलींना डंबेल्सचा एक इवलासा मनोरा. ती सगळीकडे फिरली. चौकशी बसली. चौकशीच्या अहवालाने व्यायामशाळेपेक्षा मोठी गोष्ट उघड केली : मुलींच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांची किंमत कधी नीट जोखलीच गेली नव्हती, ते हक्क इतर अनेक खेळांच्या गाठोड्यात बांधून विकले जात होते आणि स्वतंत्रपणे त्यांचे मोल वर्षाला आठ कोटी डॉलरहून अधिक होऊ शकले असते. तीन वर्षांनी, ७ एप्रिल २०२४ रोजी, साउथ कॅरोलिना आणि आयोवा यांच्यातला मुलींचा अंतिम सामना सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. मुलांच्या अंतिम सामन्याला १ कोटी ४८ लाख प्रेक्षक होते. ‘मुलींचे सामने कोण पाहतो?’ या प्रश्नाचे उत्तर दाखवल्याशिवाय मिळत नाही, हे त्या तीन वर्षांनी सिद्ध केले.

आपल्याकडच्या क्रिकेटनेही तेच सांगितले आहे, जरा सावकाश. जुलै २०१७ मध्ये लॉर्ड्सवर आपल्या मुली अंतिम सामना ९ धावांनी हरल्या, आणि देशाने ते पाहिले. महिला प्रीमियर लीग आली २०२३ मध्ये. तिचे पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ९५१ कोटींना गेले आणि सांगलीच्या स्मृती मानधनाला लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले. पडद्यावर दिसण्यापासून पैसा येईपर्यंत सहा वर्षे लागली. एका हंगामात नफा दिसला नाही म्हणून दुकान बंद करणाऱ्याने हा खेळ करू नये.

इथे एक आक्षेप घेता येईल आणि तो वजनदार आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या मुली इराणकडून २४–२७ असा अंतिम सामना हरल्या आणि २०१० पासून राखलेले सुवर्ण गेले. इराणमध्ये मुलींचे खेळ दूरचित्रवाणीवर दाखवण्यावर कडक बंधने आहेत. तरी त्या जिंकल्या. त्यांना घडवले होते नाशिकच्या शैलजा जैन यांनी, आपल्याच महाराष्ट्राच्या सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या प्रशिक्षिकेने. मग टीव्ही हवाच कशाला? चांगली बाई आणि चांगली मॅट पुरते की! उत्तर असे की बारा उत्तम खेळाडू घडवायला प्रशिक्षक पुरतो. बारा हजार मुली मैदानावर यायच्या आणि टिकायच्या असतील, तर त्यांच्या घरच्यांनी त्यांना खेळताना पाहिलेले असावे लागते. आपला प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. पदकांची आपल्याला फारशी ददात नाही. हांगझूमध्ये ७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या मुलींनी चिनी तैपेईला २६–२५ असे हरवून सुवर्ण परत आणले आणि तेच भारताचे त्या स्पर्धेतले शंभरावे पदक ठरले. (मथळे ‘शंभरावे पदक’ असेच होते. आकडा गाजला, पकडी कोणी साधल्या ते आतल्या पानात गेले.)

तेव्हा महाविद्यालय. आपल्याकडे मुलगी खेळातून गळते ती नेमकी इथे. शाळेत खेळणे हे बालपण मानले जाते, त्याला कोणी अडवत नाही. अठरा वर्षांची झाली की तेच खेळणे ‘उंडारणे’ होते. निरवांगीहून पहाटेची गाडी पकडून बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात किंवा इंदापूरच्या महाविद्यालयात जायचे, तास करायचे, संध्याकाळी सराव करायचा आणि शेवटची एसटी गाठायची; आणि हे सगळे कशासाठी ते घरात कोणी पाहिलेले नसते. आई-वडिलांसमोर पुरावा म्हणून येते ते एक प्रमाणपत्र. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांच्या पसाऱ्यातून चाळत वर जातात. त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. महाराष्ट्रात विद्यापीठांची ‘अश्वमेध’ स्पर्धा वेगळी. ही सगळी उतरंड आजही चालू आहे, दरवर्षी भरते, तिला पैसा लागतो आणि तो खर्चही होतो. फक्त ती कोणी पाहत नाही. सामना संपतो, धावफलक पुसला जातो.

आणि नेमक्या याच पातळीवर ती गोष्ट तयार आहे जी २०१६ च्या त्या स्पर्धेकडे नव्हती : गाव. बारामती विरुद्ध इंदापूर हे काही कोणी वाहिनीने शोधून काढलेले वैर नाही. कारखान्याची निवडणूक, कालव्याचे आवर्तन, बाजार समितीचा भाव, कुस्तीचा फड, सगळ्यांत ते मुरलेले आहे. या दोन गावांच्या मुली मॅटवर समोरासमोर आल्या तर समालोचकाला उसना उत्साह आणावा लागणार नाही. तीच गोष्ट संगमनेर-कोपरगावची, तीच कराड-साताऱ्याची, तीच सांगली-मिरजेची. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळाला शंभर वर्षे ज्या आपलेपणाने पोसले तो आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात आयता आहे, आणि मुलींच्या खेळासाठी आपण तो कधी वापरलाच नाही.

खर्चाचे म्हणाल तर मुलींची कबड्डी पुरुषांच्या कबड्डीपेक्षाही पडद्याला स्वस्त पडते. पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटरचे, मुलींचे १२ बाय ८ चे. पुरुषांचे डाव वीस-वीस मिनिटांचे, मुलींचे पंधरा-पंधरा मिनिटांचे, मध्ये पाच मिनिटे विश्रांती. म्हणजे एक सामना पाऊण तासाच्या आत आटोपतो. मध्यरेषेच्या टोकाला उंचावर एक कॅमेरा, दुसरा बोनस रेषेच्या पातळीवर खाली, धावफलक दाखवणारी साधी संगणकप्रणाली आणि मराठीत बोलणारी दोन माणसे. एवढ्यात सामना दिसतो. गावोगावच्या पुरुषांच्या ‘चषक’ स्पर्धांचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर आजही याच तुटपुंज्या सरंजामात चालते आणि रात्री दोनपर्यंत लोक ते पाहत बसतात. माध्यमविद्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांना तर हा अभ्यासक्रमाचाच भाग करता येईल. समालोचनासाठी बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे ‘वसुंधरा वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. चित्राआधी आवाज गेला तरी चालेल. निमसाखरच्या शेतात पाणी धरणाऱ्या माणसाच्या खिशातल्या रेडिओवर ‘आपल्या कळंबच्या पोरीची तिसरी चढाई’ ऐकू आली, तर तो बारे सोडून दोन मिनिटे थांबेल.

चित्रासाठी सरकारी वाट मोकळी आहे. मासिक पैसे न भरता दिसणारी डीडी फ्री डिश खेड्यातल्या घरांवर आहे, सह्याद्री वाहिनी आहे, प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे मोबाइलवरचे फुकट व्यासपीठ नोव्हेंबर २०२४ मध्ये आले आहे. कायद्याचे पाठबळही या दिशेचे आहे. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले, तेही क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण खाजगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले. वरचे सामने खाली पोचावेत म्हणून कायदा झाला. खालचे सामने वर दिसावेत यासाठी कायद्याची गरज नाही, वेळापत्रकात जागा हवी. आठवड्यातला ठरलेला वार, ठरलेली वेळ. ‘आमची माती आमची माणसं’ लागते हे जसे एका पिढीच्या अंगवळणी पडले, तसे शनिवारी मुलींची कबड्डी लागते हे अंगवळणी पडावे लागते. एखाद्या ८ मार्चला दाखवलेल्या एखाद्या सामन्याने हे होत नाही.

चित्रीकरणाचा आणखी एक उपयोग आहे, जो वाहिन्यांच्या ध्यानीमनी नसतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. खेड्यातल्या मुलीच्या घरचा होकार पुष्कळदा याच पाच टक्क्यांवर टेकलेला असतो. आणि याच पाच टक्क्यांसाठी बनावट प्रमाणपत्रे करून नोकऱ्या लाटल्याची प्रकरणेही राज्यात उघडकीस आली आहेत. जी कधी मॅटवर उतरली नाही ती कागदावर खेळाडू ठरते आणि जिने गुडघा फोडून घेतला तिची फाइल पडताळणीत अडकते. प्रत्येक सामना दृश्यरूपात नोंदला गेला, तर कोण खेळले हे शिक्क्यावरून ठरवावे लागणार नाही. दूरचा वाटणारा हा फायदा मला सगळ्यांत रोकडा वाटतो.

खो-खोबद्दल थोडेच लिहितो, कारण त्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. ‘अल्टिमेट खो खो’ लीग २०२२ मध्ये पुण्यातच सुरू झाली, तीही फक्त पुरुषांची. पण जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला तेव्हा दोन्ही गटांचे सामने दूरचित्रवाणीवर दिसले; बीड जिल्ह्यातून आलेल्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली मुलींनी नेपाळला ७८–४० असे हरवले. एकाच स्पर्धेत, एकाच पडद्यावर मुलगे आणि मुली. त्यानंतर प्रियांकाचे नाव निदान मराठी शाळांतल्या मुलींच्या तोंडी आले. कबड्डीत अशी नावे आपल्याकडे आहेत, पण मुलींच्या तोंडी ती फारशी नाहीत.

कॅमेरा आला की त्याच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींचाही हिशेब आधी करून ठेवावा लागेल. पहिली गोष्ट वेळेची. वाहिनीला रात्रीचे सामने हवे असतात, कारण प्रेक्षक तेव्हा घरी असतो. मुलीला रात्रीचा सामना नको असतो, कारण शेवटची गाडी गेलेली असते. रात्री आठचा सामना ठेवला, तर संघातल्या निम्म्या मुली खेड्यातल्या असल्याने गळतील आणि उरलेला संघ शहरातला होईल. म्हणजे ज्या मुलींसाठी हे सगळे मांडायचे त्याच बाहेर. सामना दुपारी तीनला खेळवून रात्री आठला दाखवता येतो. थेट प्रक्षेपणाचा हट्ट इथे सोडावा. दुसरी गोष्ट शेऱ्यांची. यूट्यूबवर मुलींच्या सामन्याखाली काय लिहिले जाते हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. ती सोय सरळ बंद ठेवता येते, आणि ठेवावी. एका घाणेरड्या शेऱ्यामुळे एका घरातली परवानगी कायमची जाते. तिसरी गोष्ट कॅमेरामनच्या नजरेची. त्याने पाय पाहावेत, ते रेषेच्या कोणत्या बाजूला आहेत हे कळण्यासाठी. त्याखेरीज काही नाही. पकड कोपऱ्यातून सुरू होते, तेव्हा कोपरारक्षक सतत चौकटीत हवी. हे शिकवता येते. समालोचकालाही शिकवावे लागेल की ‘मुलगी असूनही’ हे दोन शब्द वाक्यात आले की वाक्य तिथेच थांबवायचे.

चौथी गोष्ट सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत अवघड. प्रक्षेपण ठरले की मैदानाची पाहणी होते. किती उजेड, वीज कुठून, मनोरा कुठे. त्या पाहणीच्या कागदावर आणखी तीन रकाने वाढवावेत : मुलींना कपडे बदलायला बंद होणारी खोली आहे का, नळाला पाणी येणारे स्वच्छतागृह मैदानापासून किती पावलांवर आहे, आणि सामना संपल्यावर निरवांगीकडे जाणारी गाडी किती वाजता सुटते. या तीन रकान्यांत ‘नाही’ आले, तर कॅमेरा गाडीतून उतरवू नये.